रडणाऱ्या लेकराला अडवू नका



जून महिना लागला की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. मृगाचा पाऊस पडतो आणि शेतात सरकी टोबायची घाई होते. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर अंगणवाड्या गजबजतात. आईला उजाडताच शेत गाठायचे असते आणि तीन वर्षांचे लेकरू अंगणवाडीच्या दारात तिचा पदर सोडत नाही. गेल्या वर्षी आम्ही धर्मग्रामातले काही स्वयंसेवक एका गावी आजारी आजोबांच्या भेटीला गेलो होतो, तेव्हा हेच दृश्य पाहिले. आईने मुलाला आत सोडले, त्याचे लक्ष नाही असे पाहून ती मागच्या मागे निघून गेली. मुलाने वळून पाहिले, आणि मग जे रडणे सुरू झाले ते थांबेना.

टीचर वाईट नव्हत्या. त्या खाली बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तेलुगूत म्हणाल्या, “अम्मा वस्तुंदी, अम्मा वस्तुंदी.” आई येईल, असे त्या सांगत होत्या. पण त्या मुलाच्या घरी मराठी बोलतात आणि आईला माय म्हणतात. त्याला त्या शब्दांतून काहीच कळले नाही. शेवटी दारात बसलेली एक म्हातारी म्हणाली, “माय येते रे बाबू, जेवण झालं की येते.” मुलाने तिच्याकडे पाहिले. हुंदके चालूच राहिले, पण तो तिच्याजवळ सरकला.

त्या दिवसापासून आमच्या मनात हा विषय घोळतो आहे. लहान मुलांना शाळेआधीच्या वयात आपण काय शिकवतो? आणि प्रभूची माणसे म्हणून त्यात आपला वाटा कोणता?

आधी आमचीच चूक कबूल करतो. आमच्या देवळात मिस्सा चालू असताना मूल रडले की आम्ही स्वयंसेवकच आईला खुणेने बाहेर पाठवत असू. रविवारच्या वर्गात सर्वांत गप्प बसणाऱ्या मुलाला आम्ही बक्षीस देत असू. जो बोलला, हसला, शेजाऱ्याशी भांडला, त्याला मागे बसवत असू. याला आम्ही शिस्त म्हणत होतो. मग एके दिवशी मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचताना आम्ही थबकलो. लोक लेकरांना येशूकडे आणत होते आणि त्यांना अडवणारे कोण होते? परुशी नव्हेत, रोमी शिपाई नव्हेत. ते येशूचे शिष्यच होते. देवळाची व्यवस्था पाहणारी माणसे म्हणा ना! आणि तिथे येशू शिष्यांवर रागावला, असे मार्क स्पष्ट लिहितो.

त्याच्या आधीचा अध्याय पाहिला तर आणखी लाज वाटते. कफर्णहूमच्या घरात शिष्य आपल्यात मोठा कोण यावर वाद घालून आले होते, तेव्हा येशूने एका बाळकाला सर्वांच्या मधोमध उभे केले, कवेत घेतले आणि बाळकाला स्वीकारणे म्हणजे मला स्वीकारणे असे सांगितले. हे डोळ्यांनी पाहूनही थोड्याच दिवसांत त्यांनी लेकरांना अडवले. आपलेही तसेच होते. नाताळच्या गोठ्यातल्या बाळापुढे आपण गुडघे टेकतो आणि शेजारच्या बाकावरचे बाळ रडले की कपाळाला आठ्या घालतो.

आता मूळ विषयाकडे येऊ. तीन ते सहा या वयात मूल खरोखर काय शिकते? आई दिसत नाही तरी ती परत येते, हे शिकते. घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. राग आला तर चावण्याऐवजी “मला राग आला” असे म्हणायला शिकते. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले की आपल्यालाही कसेसे होते, हे त्याला कळू लागते. कट्टी केल्यावर पुन्हा गट्टी करता येते, हा तर फार मोठा धडा. आपण मुलांना आठव्या-नवव्या वर्षी समेटाच्या संस्कारासाठी तयार करतो. ज्या मुलाला अंगणात कधी गट्टी करता आली नाही, त्याला त्या संस्काराचा अर्थ पाठ करून किती कळणार?

येशूचे मुलांच्या खेळाकडे किती बारीक लक्ष होते पाहा. बाजारात बसून एकमेकांना हाका मारणाऱ्या मुलांचा दाखला लूकच्या सातव्या अध्यायात आहे. आम्ही बासरी वाजवली तरी तुम्ही नाचला नाहीत, आम्ही शोक केला तरी तुम्ही रडला नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. लग्न-लग्न आणि मयत-मयत खेळणारी, खेळात रुसणारी ही मुले येशूने कुठेतरी थांबून पाहिली असणार. आणि खुद्द येशूविषयी लूक सांगतो की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढला, तसाच देवाच्या आणि माणसांच्या कृपेतही वाढला. माणसांच्या कृपेत वाढणे म्हणजे माणसांत मिसळणे, त्यांच्या मनात जागा मिळवणे. देवाच्या पुत्रालाही हे नासरेथच्या गल्लीत हळूहळू शिकावे लागले. मग आपल्या लेकरांना ते आपोआप येईल असे आपण का समजतो?

पण आपले पालक विचारतात ते वेगळेच. “वहीत काय लिहिले? ए-बी-सी-डी येते का? शंभरपर्यंत आकडे येतात का?” आमच्याच धर्मग्रामातल्या कितीतरी आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून चार वर्षांच्या मुलाला इंग्रजी नर्सरीत घातले आहे. त्यांना आम्ही दोष देत नाही. आपण कापसाच्या शेतात वाकलो, लेकरू वाकू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. तरीही स्पष्ट सांगायला हवे. चार वर्षांच्या मुलाला तीन तास बाकावर बसवून अक्षरे गिरवून घेणे हे शिक्षणाचे लवकर सुरू होणे नाही. जे त्या वयातच शिकायचे असते, ते त्यातून बुडते.

सरकारचे धोरणही आता हेच सांगते. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नमूद आहे. त्या धोरणाला धरून ऑक्टोबर 2022 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात भाषा आणि बुद्धी यांच्या बरोबरीने भावनांच्या आणि माणसांशी वागण्याच्या वाढीला स्वतंत्र स्थान दिले आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीच्या कामात आहार आणि लसीकरणाबरोबर शाळापूर्व शिक्षण आहेच. पण व्यवहारात टीचरचा दिवस वजने, वाटप, नोंदवह्या आणि मोबाईलवर माहिती भरण्यात जातो. लेकरू खाऊन गेले एवढीच गावाची अपेक्षा उरते.

खाणे लहान गोष्ट नाही. याईराच्या मुलीला उठवल्यावर येशूने लगेच तिला काही खायला द्या असे सांगितले. पण त्याआधी त्याने तिचा हात धरला होता आणि तिच्याशी तिच्या घरच्या अरामी बोलीत बोलला होता. मार्कने ते शब्द त्या बोलीतच जपून ठेवले आहेत. हात, घरचा शब्द आणि अन्न, या तिन्ही गोष्टी लेकराला लागतात.

आपल्या मराठी मुलखात हे ओळखणारी माणसे होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाई 1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. त्या तिथे राहिल्या आणि फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या. खेळातून, गाण्यातून, हातांच्या कामातून लहान मुलांना शिकवण्याची ही पद्धत. विद्वत्तेसाठी पंडिता ही पदवी मिळवलेली बाई चार-पाच वर्षांच्या मुलांचे खेळ शिकायला बसली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करताना ही शिदोरी त्यांच्याजवळ होती.

पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी बालवाडीचे काम सुरू केले. वस्तीतली गरीब मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि कल्पना त्या कामातून आली आहे. नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांमध्ये काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात नेली. मुलाने शाळेसारखे व्हावे असा हट्ट न धरता शाळा मुलापर्यंत चालत गेली. शब्दाने देह धारण करून आपल्यांत वस्ती केली असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

आपल्या आदिलाबादमध्ये मुलापर्यंत चालत जाणे म्हणजे त्याच्या भाषेपर्यंत जाणे. एकाच अंगणवाडीत तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले असू शकतात. प्रधान आणि आंध समाजाच्या घरांत मराठी बोलली जाते. बेला, जैनद, तामसी या पैनगंगेकडच्या भागांत तर मराठी घराघरात आहे. याच जुन्या जिल्ह्यात 1940 च्या दशकात मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मुलाला आधी त्याच्या बोलीत भेटावे, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. मारलवाई आज कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते.

मोठ्या मुलाला परकी भाषा शिकवता येते. पण घाबरलेल्या तीन वर्षांच्या मुलाला परक्या भाषेत धीर देता येत नाही. पाणी मागायला मराठी मूल “पाणी” म्हणते, तेलुगू मूल “नीळ्ळु” म्हणते, गोंडी मूल “येर” म्हणते. तहान बोटाने दाखवता येते. पण “मला भीती वाटते”, “त्याने माझी बाहुली घेतली”, “मला माय पाहिजे” हे बोटाने कसे दाखवणार? जे सांगता येत नाही ते मग चावण्यातून, ढकलण्यातून किंवा कोपऱ्यात मुक्याने बसण्यातून बाहेर येते. चावणाऱ्याला आपण वाईट म्हणतो आणि मुक्या मुलाला गुणी म्हणतो. आमच्या मते कोपऱ्यातल्या त्या मुक्या मुलाची काळजी जास्त करायला हवी.

एक गंमत सांगतो. तेलुगूत रागाला कोपम म्हणतात, भीतीला भयम आणि आनंदाला संतोषम. मराठी माणसाला हे शब्द ओळखीचे वाटतील. कोप, भय, संतोष हे आपलेही शब्द आहेत. लहान मुलाला ते कळणार नाहीत, पण आपण मोठ्यांनी शेजाऱ्याच्या भाषेतले आठ-दहा शब्द शिकणे मुळीच कठीण नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले, हे आपण दर वर्षी वाचतो. पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा शिकवली नाही.

दोन आक्षेप आम्हांला नेहमी ऐकू येतात. पहिला असा की रडणाऱ्याला जवळ घेतले तर ते लाडावते. बायबलमध्येच शिस्तीची छडी सांगितली आहे. शिस्त हवी, यात वाद नाही. मारणारा हात धरायचाच, हिसकावलेली वस्तू परत द्यायला लावायची. पण हात धरणे आणि चार मुलांत लाज काढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पौल इफिसकरांना लिहिताना बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका. “मारायचे नाही. तुला राग आला आहे, मला दिसतो आहे. ये, आधी पाणी पी, मग सांग,” असे म्हणणारी बाई लाड करत नाही. ती रागाला नाव देते आणि वाट दाखवते.

दुसरा आक्षेप असा की अंगणवाडी सरकारची आहे. देवळाचा तिथे काय संबंध? आमचे मत असे की देवळाने आणखी एक नर्सरी काढण्याआधी गावातल्या अंगणवाडीला हात द्यावा. आपला आदिलाबादचा धर्मप्रांत 1999 मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. या भागात सिस्टर आणि फादर आले ते गरिबांच्या सेवेसाठी, आणि गरिबांची लेकरे आज अंगणवाडीत आहेत. मात्र एक गोष्ट पक्की असावी. तिथे आपण प्रचाराला जात नाही. ती सर्व धर्मांच्या मुलांची जागा आहे. तिथे धर्मशिक्षण नको, छुपेपणाने तर नकोच. येशूने त्या लेकरांना जवळ घेण्याआधी त्यांच्या आईबापांचा धर्म विचारला नव्हता. तसेच टीचरची आणि पालकांची परवानगी असल्याशिवाय जायचे नाही, कोणाही मुलासोबत एकट्याने थांबायचे नाही. लेकरांच्या बाबतीत केवळ चांगला हेतू पुरत नाही.

मग करायचे काय? आम्ही सुरू केलेल्या आणि तुम्हांला सुचवाव्याशा वाटणाऱ्या काही साध्या गोष्टी अशा.

घरी: लेकराला सोडताना पळून जाऊ नका. “मी जाते, जेवण झाले की आजी न्यायला येईल,” असे त्याच्या डोळ्यांत पाहून सांगा आणि तो शब्द पाळा. ते रडेल. रडू द्या. फसवले गेलेले मूल दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट चिकटते. सांगून गेलेल्या आईची वाट पाहायला मूल शिकते. प्रभूसुद्धा शिष्यांना न सांगता निघून गेला नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने सांगितले की मी जातो आहे, तुम्हांला दुःख होईल, पण तुम्हांला पोरके सोडणार नाही. देवाच्या वचनावर विश्वास ठेवायला मूल पहिल्यांदा आईच्या शब्दावरून शिकते, असे आम्हांला वाटते.

अंगणवाडीत: टीचरना विचारून आठवड्यातून एक तास गावातली एखादी आजी तिथे बसावी. तिला गाणी येतात, गोष्टी येतात आणि मुलाची बोली येते. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या बाहुल्या करून द्याव्यात. एक बाहुली रुसलेली, एक घाबरलेली, एक हसणारी. तिला काय झाले असेल असे विचारले की जे मूल स्वतःबद्दल बोलत नाही ते बाहुलीबद्दल बोलते. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप अंधार पडल्यावर परततात, मुले कावरीबावरी होतात. त्या महिन्यांत ही सोबत विशेष हवी.

देवळात: मूल रडले तर आईकडे वळून पाहू नका. मागच्या बाजूला एक चटई आणि दोन खेळणी ठेवा, आणि आईला बाहेर जावेसे वाटले तर तिच्यासोबत कोणीतरी जा. रविवारच्या वर्गात गप्प बसण्याचे बक्षीस आम्ही बंद केले आहे. आता वर्ग संपताना मुलांना विचारतो, आज कोणी कोणाशी गट्टी केली? सुरुवातीला कोणी बोलत नसे. आता हात वर होतात, आणि कधी कधी खरी भांडणे तिथेच मिटतात.

त्या गावी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पाऊस ओसरला होता. तो मुलगा दगडांची रांग लावत बसला होता. दारात एक नवी मुलगी आली होती, तीही मराठी घरातली, आणि जोरजोरात रडत होती. टीचर उठल्या, तिच्याजवळ बसल्या आणि आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “माय येते, माय येते.” हे शब्द त्या म्हातारीकडून शिकल्या होत्या. मुलाने हातातले दगड तसेच ठेवले, तिच्याकडे गेला आणि एक दगड तिच्या हातात दिला.

प्रभू येशू, तू लेकरांना कवेत घेतलेस आणि त्यांना अडवणाऱ्या आपल्याच माणसांवर रागावलास. आमच्या गावातल्या सर्व लहान मुलांना, त्यांच्या आयांना, टीचरना आणि आयाबाईंना आशीर्वाद दे. आमच्या घाईपासून आणि आमच्या आठ्यांपासून लेकरांना वाचव. आम्ही वाटेत उभे असलो, तर आम्हांला बाजूला सार. आमेन.